आत कोण पाहिजे?

निवृत्त डॉक्टरला लग्नात सुखानं जेवू देत नाहीत. पंगतीला बसलं की शेजारची बाई आधी आपला गुडघा दाखवते, मग नवऱ्याच्या साखरेचा रिपोर्ट पर्समधून काढते. गारखेड्यात आमच्या सोसायटीत मला सगळे 'बाळंतपणाच्या मॅडम' म्हणतात, आणि ते खोटं नाही. माझी निम्म्याहून जास्त नोकरी प्रसूतीच्या टेबलापाशी उभं राहण्यात गेली. पण ज्या कामाचा मला आतून अभिमान वाटतो, ते टाके घालण्याचं नव्हतं, वाचण्याचं होतं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो. डॉक्टरनं वाचलं, त्यात काय सांगायचं? म्हणून जरा बैजवार सांगते.

तेव्हा मी सोयगाव तालुक्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं नोकऱ्या करतात. प्रसूतीची खोली एकच, टेबलं दोन, आणि त्या खोलीवर राज्य गवारे सिस्टरांचं. बाई उंचीनं बेताची, आवाज मात्र थेट एसटी स्टँडपर्यंत जाणारा. मी नवी रुजू झाले तेव्हा विचारलं, "सिस्टर, प्रत्येक बाईला आल्या आल्या पोट साफ करायला एनिमा का देता?" त्या म्हणाल्या, "आधीच्या मॅडम द्यायच्या." आधीच्या मॅडमना कुणी शिकवलं, तर त्यांच्या आधीच्या सरांनी. आमच्या धंद्यात बऱ्याच गोष्टी अशाच वारसाहक्कानं चालत आलेल्या असतात. मीही निमूटपणे तेच पुढं चालवलं.

मग एकदा शहरातल्या प्रशिक्षणाला माझं नाव निघालं. विषय होता सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे पद्धतशीर आढावा. खरं सांगायचं तर मी गेले ती विषयासाठी नव्हे, गुलमंडीत खरेदी होईल म्हणून. शिकवायला एक किडकिडीत सर होते. आमच्यापैकी कुणीही काहीही बोललं की ते विचारायचे, "पुरावा काय?" दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव 'पुरावा सर' पडलं होतं. एका अनुभवी डॉक्टरांनी त्यांना सुनावलं, "माझा तीस वर्षांचा अनुभव आहे." सर शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं एकच चूक केली तरी तिला अनुभवच म्हणतात." डॉक्टर दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

हा आढावा म्हणजे काय, ते मी पुढं गावात माझ्या पद्धतीनं सांगत असे. मुलीची सोयरीक बघताना आपण एका माणसाच्या शब्दावर जातो का? मुलाच्या मामाला विचारलं तर तो पोरगं सोन्यासारखं आहे असंच म्हणणार. बांधावरून भांडण असलेला शेजारी उलटं सांगणार. शहाणा बाप सगळ्यांना विचारतो, कुणाचा काय संबंध ते बघतो, कुणाचं किती धरायचं ते ठरवतो आणि मगच सुपारी फोडतो. आढाव्यातही तेच असतं. एका प्रश्नावर जगभरात जेवढे अभ्यास झाले तेवढे सगळे हुडकायचे, आपल्याला आवडतात तेवढेच नव्हे. कच्चा कुठला, पक्का कुठला ते पारखायचं, आणि सगळे मिळून काय सांगतात ते बघायचं. गवारे सिस्टरांना हे पटलं, पण त्यांनी लगेच विचारलं, "एवढी चौकशी करूनबी पोरी वाईट घरी पडतातच की, मॅडम?" पडतात, मी म्हटलं, पण कमी पडतात.

प्रशिक्षणाहून आल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पहिल्यांदा एनिमा बंद केला, कारण सरसकट देण्याचा काही उपयोग दिसत नव्हता. आमची आया खूश झाली, गाव मात्र नाराज. "पहिल्यासारखा इलाज नाय राहिला," असं एक आजी बाहेरच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होती. तिच्या दोन लेकींना एनिमा मिळाला होता, तिसरीलाच मिळाला नाही. जणू पंगतीत वाढताना तिसरीला वगळलं होतं.

पण मला खरं करायचं होतं ते वेगळंच. त्या काळी बाई कळा द्यायला आत गेली की दार बंद. आई, सासू, बहीण सगळ्या बाहेर. आत ती, छताचा पंखा, आणि अधूनमधून येऊन "किती उघडलंय" बघणारे आम्ही. आढावा सांगत होता की बाळंतपणात जिच्याजवळ सतत कुणी सोबतीला असतं ती बाई एकट्या बाईपेक्षा बरी निभावते आणि सिझेरियनची वेळही कमी येते. यात औषध नाही, यंत्र नाही. फक्त दार उघडायचं होतं. मी कागद वाचून नाचायचीच बाकी होते.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ते तिकडचं. तिकडं एका बाईला एक खोली. इथं दोन टेबलं अन् मधी माशी जाईल एवढी जागा."

मी ऐकलं नाही. दारावर पाटी लावली, एका स्त्री नातेवाइकाला आत येता येईल म्हणून. मला वाटलं, झालं काम.

आता आमच्याकडची रीत बघा. दारात दोन बाया उभ्या, मुलीची आई आणि सासू. मी म्हणायची, एकीनं या. आई मागं सरकायची, "विहीणबाई, तुमी व्हा फुडं. तुमचा मान." सासू म्हणायची, "छ्या, असं कसं? तुमची लेक हाय, तुमी जा." "नाय नाय, आता ती तुमची." आत पोर कळांनी वाकडी होतेय आणि बाहेर हे चाललंय. शेवटी दोघींची सुटका व्हावी म्हणून सगळ्यांत थोरली जी असेल तिला आत ढकलायचे. एकदा तर पोरीनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली चुलत आजेसासू आत आली. आत येऊन या मानाच्या बाया करायच्या काय? "वरडू नको. भाईर मानसं बसल्यात." "आमी वावरात बाळंत झालो, हूं का चूं केलं नाय." पोरी ओठ दाबून मुक्या व्हायच्या. पूर्वी एकट्या होत्या तेव्हा निदान ओरडायला तरी मोकळ्या होत्या.

गवारे सिस्टर नुसत्या माझ्याकडे बघायच्या, आणि ते जास्त झोंबायचं.

मी चिडून पुरावा सरांना फोन केला. म्हटलं, तुमचा आढावा आमच्याकडं चालत नाही. ते म्हणाले, "त्या अभ्यासांमध्ये सोबतीला कोण होतं, ते वाचलंत का?" मी नुसता सुरुवातीचा सारांश वाचला होता. पुढं पानंच्या पानं इंग्रजी आणि तक्ते होते, आणि निकाल तर पहिल्या पानावरच मिळाला होता. पुढच्या मासिक बैठकीला शहरात गेले तेव्हा बैठक संपल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत बसून सगळं वाचलं. सोबत म्हणजे काय, हे ठिकठिकाणी वेगळं होतं. कुठं खास शिकवलेली बाई होती, कुठं नर्स, कुठं बाईनं स्वतः निवडलेलं माणूस. आणि सल्ला होता तो बाईच्या मर्जीतल्या माणसाचा. बाईला न विचारता घरातली सगळ्यांत थोरली व्यक्ती आत सोडायची, असं मात्र कुणीच कुठं केलेलं नव्हतं. तो शोध आमचा होता.

परत आल्यावर सिस्टरांना सांगितलं. त्या हातमोजे घडी करता करता म्हणाल्या, "विचारायचं असतंय व्हय? माझी तिन्ही बाळंतपणं झाली, मला नाय कुणी विचारलं." त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूनं झाल्या. पोरीला कुणासमोर विचारायचं नाही, ही युक्ती त्यांचीच. आत नेऊन, रक्तदाब बघता बघता हळूच विचारायचं, "आत कोन पाहिजे तुला?" आणि बाहेर येऊन सांगायचं, "मॅडमचा हुकूम हाय, अमकीनंच यायचं." म्हणजे राग माझ्यावर, पोरीवर नाही. त्या तालुक्यात मी किती सासवांच्या मनातून उतरले, याचा हिशेब देवच जाणे.

कुणी आई सांगायची, कुणी बहीण, कुणी चक्क सासूच सांगायची, आणि मग तीच सासू आत येऊन वेगळी वागायची. आपल्याला बोलावलंय म्हटल्यावर माणूस मऊ होतो. एकीनं शेजारच्या घरातली मैत्रीण मागितली, तीही आली. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर जिजा आली.

जिजा मेंढपाळाच्या घरातली. त्यांचं वाडगं, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, तेव्हा गावाबाहेरच्या रिकाम्या वावरात होतं. पहिली मुलगी होती, हे दुसरं. बरोबर सासू आणि नवरा बिरू. सकाळी आली तेव्हा कळा चांगल्या होत्या, दुपारपर्यंत मंदावल्या. सासू हट्टानं आत येऊन उशाशी उभी राहिली होती आणि सिस्टर दुसऱ्या कामात अडकल्यामुळं विचारायचं राहून गेलं होतं. जिजा भिंतीकडं तोंड करून पडलेली. बाळाचे ठोके ठीक होते, पण असंच राहिलं तर शहरात पाठवावं लागणार होतं, आणि आमची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली होती. मी सासूला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं. तेवढ्यात जिजा टेबलावरून खाली उतरली आणि लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "मी जाती वाडग्यावर."

सिस्टर दारात आडव्या झाल्या. "येडी का काय तू? अशात कुठं जाती?"

"तिथं व्हईल माझं. हितं नाय व्हायचं."

"बरं, जाऊ नको. आत कोन पाहिजे ते सांग. आईला आनू का?"

तिनं मान हलवली. खाली बघून, ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "आमच्या पोरीच्या बापाला."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. तोवर नवरा कुणीच मागितला नव्हता. जिजाच सांगू लागली. पहिल्या वेळी रानात मुक्काम होता, बाकी माणसं मेंढरं घेऊन पुढं गेलेली. तेव्हा जवळ तो एकटाच होता. "त्यानंच केलं सगळं. मेंढरावानी," ती म्हणाली आणि एवढ्या त्रासातही थोडी हसली.

आता प्रश्न असा, की दुसऱ्या टेबलावर नुकतीच बाळंत झालेली एक शेतकऱ्याची सून झोपली होती. परका पुरुष आत आणायचा तर तिला काय वाटेल? आढाव्यात या खोलीचं माप नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं. ती म्हणाली, "येऊ द्या की, बाई. मी तिकडं तोंड करते. पर काहीतरी आडोसा करा." आम्ही दोन सलाईनचे स्टँड उभे करून मध्ये हिरवी चादर बांधली. हात लावला की ती घसरायची, म्हणून आयाला एक कोपरा धरून उभं केलं.

बिरूला बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, काहीतरी वाईट झालं. पायताण बाहेर काढून, फेटा काखेत घेऊन तो दारात थांबला. त्याची आई मागून ओरडत होती, "अरे बाप्याचं काय काम तिथं? लाज सोडली का?" सिस्टरांनी दार लावून घेतलं. तो जिजाच्या उशाशी गेला. तिच्या पाठीवर हात ठेवून घशातल्या घशात नुसतं "हूं... हूं..." असं करत राहिला. व्यायला झालेल्या मेंढीपाशी बसल्यावर ही माणसं असाच आवाज काढतात, हे मला नंतर कळलं. आयाला हसू आलं, सिस्टरांनी तिच्यावर डोळे वटारले. मग कुणालाच हसू येईना. जिजानं पहिल्यांदा मोठ्यानं श्वास सोडला आणि मग मोकळेपणानं ओरडली. कळा परत आल्या. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. बिरूनं बाळाकडं पाहिलंच नाही, आधी बायकोच्या तोंडावरचा घाम फेट्यानं पुसला. मी तोंड फिरवून हात धूत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि डॉक्टरबाई रडताना दिसणं बरं नव्हे.

एका बाळंतपणावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला त्याच आढाव्यानं शिकवलं होतं. कदाचित कळा तशाही परतल्या असत्या. पुरावा सरांना हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी अगदी हेच म्हटलं. मग विचारलं, "तो आवाज कसा काढला म्हणालात?" मी फोनवर काढून दाखवला.

अर्थात बोभाटा झालाच. वरच्या कार्यालयात तक्रार गेली की दवाखान्यात बायकांच्या खोलीत पुरुष सोडतात. मला बोलावणं आलं. मी सगळी पानं घेऊन गेले. साहेबांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "इंग्रजीत आहे म्हणजे खरं असेल. पण मॅडम, निदान पडदे तरी लावा." पडद्याला मंजुरी कोण देणार? गवारे सिस्टरांनी दवाखान्याच्या बाद झालेल्या चादरी घरी नेल्या आणि आपल्या मशिनवर पडदे शिवून आणले. एक पडदा आखूड झाला होता. तो तसाच लावला.

ती तीन-चार वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यांत सुखाची. संध्याकाळी काम उरकलं की सिस्टर आणि मी ओट्यावर बसायचो. मी नवा आढावा वाचून मराठीत सांगायची आणि त्या त्यातले खडे वेचायच्या. "हे जमंल. हे नाय जमायचं, आपल्याकडं लाइट जाती. ह्यात बाईला विचारलंय का?" असं त्यांचं चालायचं. पुढं माझी बदली शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात झाली, पुरावा सरांच्याच जागी. सिस्टर निवृत्त झाल्या, आणि आता त्या नाहीत. आमच्यामागं त्या दवाखान्यात दार पुन्हा बंद झालं, असं ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. नंतर काही वर्षांनी सोबतीची सूचना वरूनच आली. पण ती आली तेव्हा मी ज्यांना पेढे द्यायला जावं, त्या सिस्टर ओट्यावर नव्हत्या.

केंद्रात मी पुष्कळ तरुण डॉक्टरांना आढावे वाचायला शिकवलं. सारांशावर थांबणाऱ्याला मी उभं करायची. त्यांच्यातलीच एक आता शहरात स्वतःचं प्रसूतिगृह चालवते. गेल्या वर्षी माझ्या सुनेचं, प्राजक्ताचं बाळंतपण तिच्याकडंच होतं.

मुलगा पुण्याहून निघाला होता. बाहेर आम्ही दोघीच, मी आणि पैठणकडच्या आमच्या विहीणबाई. त्यांचा जन्म शेतात गेलेला. दवाखान्याच्या वासानंच त्यांचा चेहरा उतरला होता. मी मात्र तयारीत होते. केस घट्ट बांधले होते, बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या होत्या. मला कुणी काही विचारलं नव्हतं, पण विचारायचं काय त्यात? एवढी बाळंतपणं केलेली सासू घरात असताना सून दुसरं कोण मागणार, असं मी धरूनच चालले होते.

नर्स बाहेर आली. "पेशंटनं आईला बोलावलंय."

विहीणबाई दचकून उठल्या आणि तशाच मागं सरकल्या. "अगं बाई, मी काय करू आत? मला रगात बघून घेरी येती. विहीणबाई, तुमी व्हा फुडं. तुमी डाक्टर."

मागोमाग माझी विद्यार्थिनी बाहेर आली. तिनं माझे रिकामे हात पाहिले, आणि तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही या ना. तुम्हाला कोण अडवणार?"

मी उठले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या चपला काढूनसुद्धा झाल्या होत्या. दार चार पावलांवर होतं. आतून प्राजक्ताचा आवाज येत होता, आणि मला त्या आवाजावरून कळत होतं की आता फार वेळ नाही. मला तिच्याजवळ जायचं होतं. माझं नातवंड होतं ते.

"तिनं माझं नाव घेतलं का?" मी विचारलं.

ती खाली बघायला लागली. मीच शिकवलेली पोर, खोटं बोलेना. "नाही, मॅडम. आई म्हणाली."

मला राग आला. वाईट वाटलं, आणि ते विहीणबाईंना दिसू नये म्हणून मी त्यांच्या हातातली पिशवी जवळजवळ हिसकावून घेतली. "जा तुम्ही," मी म्हटलं. "घेरी आली तर खाली बसा. पण तिचा हात सोडू नका."

त्या देवाचं नाव घेत आत गेल्या. दार लागलं. मी चपला पायात घातल्या आणि पिशवी घेऊन समोरच्या बाकाकडं गेले. तिथं माझ्याच वयाची एक बाई बसली होती, तिचंही कुणीतरी आत असावं.

"तुमी पेशंटच्या कोन?" तिनं विचारलं.

"सासू," मी म्हटलं.

"मीबी," ती म्हणाली, आणि सरकून तिनं मला जागा करून दिली.